दसऱ्याला वर बांधलेली जाळी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी जाळी आहे. सिकंदराबादजवळच्या एका शेडमध्ये पत्र्याची झाकणे बनवणाऱ्या यंत्रावर मला बसवले आहे. आमची झाकणे बेगम बाजारातल्या मसाल्याच्या डब्यांवर बसतात. पायाखालचे पेडल दाबले की जड साचा दाणकन खाली येतो. पत्रा माझ्याखालून चिमट्याने आत सरकवायचा असतो. साचा आणि कामगाराचा हात यांच्यामध्ये उभे राहायचे, एवढेच माझे काम.

मला घडवणाऱ्या वेल्डरने माझ्या गजांमध्ये स्वतःचे बोट घालून पाहिले होते. ते आत जाईना, तेव्हा तो समाधानाने हसला. पुढे निरीक्षक येत, मला हलवून पाहत आणि मान डोलावत. त्या दिवसांत मला भीती ठाऊक नव्हती.

मग मंदी आली. निम्मे कामगार घरी गेले आणि त्यांचे काम उरलेल्यांवर पडले. त्यातच देशातले कामगार कायदे बदलले. नव्या कायद्यात काय आहे, हे शेडमध्ये कोणी नीट समजावले नाही. ज्याला जे सोयीचे, ते तो सांगू लागला.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. साच्याला हळदकुंकू लावायला सगळ्या जाळ्या वर उचलून लाल दोऱ्याने बांधल्या. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर हिम्मतराव म्हणाले, "राहू द्या वरच. पूजेची गाठ आहे, सोडू नये. चिमटा कशाला, हातानेच पत्रा सरकवा. काम पटपट होईल."

पूजेची गाठ सोडायला कोण धजावणार? झेंडू वाळले, मी वरच राहिले. खाली माझ्या यंत्रावर काम करणाऱ्या त्रिवेणीची बोटे साच्याखाली जात-येत होती आणि मी नुसती लटकून पाहत होते.

शेजारच्या यंत्रावरच्या कुसुमताई एकदा म्हणाल्या, "हिम्मतराव, जाळ्या खाली घ्या की."

"कायदा बदललाय ताई. आता सगळं ढिलं झालंय."

"कायदा ढिला झालाय की तुमची अक्कल? दाखवा, कुठं लिहिलंय!"

"कायकू डोकं खाता? गेटबाहेर माणसं उभी आहेत कामाला."

त्रिवेणीने पुढचा पत्रा हातानेच आत सरकवला. तिच्या नवऱ्याचे काम मंदीत आधीच सुटले होते.

आज सकाळी साचा पडला आणि तिच्या हातमोज्याचे टोक तुटून झाकणासोबत बाहेर आले. बोट थोडक्यात वाचले. सगळी शेड थांबली.

"बोट आहे ना जागेवर? चल, चालू कर," हिम्मतराव म्हणाले.

त्रिवेणी उभी राहिली. ती माझ्या लाल दोऱ्याची गाठ सोडू लागली. "पाप लागलं तर मला लागू दे," ती म्हणाली, "पण बोट जायला नक्को."

मी खाली आले. कुसुमताईंनीही आपल्या जाळीची गाठ सोडली. हिम्मतराव मोबाईल घेऊन मालकांशी बोलायला बाहेर गेले, ते अजून परतलेले नाहीत.

मला भीती वाटते. उद्या त्रिवेणीला गेटवर अडवतील, तिच्या जागी दुसरी कोणी येईल आणि मला पुन्हा वर बांधतील. मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी कारखाना चालवील, कोणी कायदे करील. दिवस कितीही वाईट असोत, मला खालीच ठेवा. माझी मी खाली येऊ शकत नाही. त्यासाठी कोणाला तरी आपली रोजीरोटी पणाला लावावी लागते.