बेलवर सुरू होणारा जोंगा

मी जोंगा बोलतोय. जोंगा म्हणजे फौजेची गाडी, जीपचा थोरला आणि जरा आडदांड भाऊ. हल्ली माझा मुक्काम भाईंदरजवळच्या राई गावात, खाडीकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. गेल्या महिन्यात माझ्यावर एक संकट आलं होतं आणि ते टळलं. तेव्हापासून इतकं हलकं वाटतंय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

जन्म माझा जबलपूरचा, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा. फौजेत वीस वर्षं काढली, बहुतेक राजस्थानात. युद्धबिद्ध काही पाहिलं नाही. साहेबांना इकडून तिकडे पोचवलं आणि पाण्याची पिंपं वाहिली. मग लिलाव झाला. एका खदानवाल्याने मला पिळून काढलं आणि बंद पडल्यावर राईतल्या एका वाडीत सोडून दिलं. तिथल्या कोंबड्या माझ्या मागच्या सीटखाली अंडी घालायच्या. फौजी गाडीने आणखी किती खाली यावं!

तिथे मला हरिश्चंद्रकाकांनी पाहिलं. फौजेतले निवृत्त मेकॅनिक, राहायला भाईंदरला, तिसऱ्या मजल्यावर. माझ्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "अरे, तू इथे काय करतोयस?" पलटणीतलं कुणी भेटावं तसे. मग त्यांनी तारोडीच्या पायसला आणलं. पायस होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. पाठोपाठ यतीन आला. दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसणारा हा माणूस, पण रविवारी ग्रीसने माखल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. आणखी दोन-चार हौशी जमले आणि त्यांनी ‘फौजी चाकं मंडळ’ काढलं. मंडळाच्या मालकीच्या गाड्या दोनच, एक मी आणि एक ट्रेलर.

मंडळाचा नियम कडक, जे बसवायचं ते मूळचंच. नियम केला हरिश्चंद्रकाकांनी आणि पहिल्यांदा मोडला तोही त्यांनीच. माझं स्टार्टरचं बटण जळालं होतं आणि मूळचं मिळेना. एका रविवारी त्यांनी स्वतःच्या घराच्या दाराजवळचं बेलचं बटण काढून आणलं, जास्तीचा करंट झेलायला मध्ये एक रिले टाकला आणि मला जोडलं. बेल दाबली की मी सुरू! तिकडे घरी त्यांच्या बायकोला, उर्मिलाकाकूंना, काही पत्ता नाही, संध्याकाळपर्यंत लोक दार बडवत होते. पायस तरी मागे कशाला राहील? माझा पंप दम धरेना, म्हणून त्याने छोट्या होडीच्या इंजिनाचा रबरी फुगा माझ्या पेट्रोलच्या नळीत बसवला. मुठीत धरून चारदा दाबला की पेट्रोल पुढे सरकतं. "तात्पुरतं हाय," तो म्हणाला. त्या तात्पुरत्याला नऊ वर्षं झाली.

आधी पायस गेला. दीड वर्षाने काका गेले.

माणूस गेलं की घरचे फोटोला हार घालतात आणि त्याची हत्यारं, चष्मे, चपला गुपचूप वाटून टाकतात, हे मी फार पाहिलंय. मंडळाने तसं केलं नाही. दोघांच्या आठवणीसाठी वर्षातला एक रविवार ठरवला. काकांसाठी सर्वपित्री अमावस्या की पायससाठी ख्रिस्ती लोकांचा नोव्हेंबरातला मृतांचा दिवस, यावर बराच खल झाला आणि शेवटी दोन्हींच्या मधला रविवार निघाला. त्या दिवशी पायसची मुलगी सबीना फुगा दाबते, उर्मिलाकाकू बेल दाबतात, मी सुरू होतो आणि दोघींना मुर्ध्याच्या खाडीपर्यंत फिरवून आणतो. भाषण कुणी करत नाही. ते दोघे माझ्यात आहेत असं सगळे धरून चालतात. मीही धरून चालतो.

या वर्षी यतीनने घोळ घातला. मन वाईट नाही हो त्याचं, माणूस सोन्यासारखा. काकांचा नियम आपण पूर्ण करायचा, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. त्याने दिल्लीच्या जुन्या बाजारातून मूळचं बटण आणि मूळचा पंप मिळवला, दोन शनिवार खपून बसवला आणि जे निघालं ते बादलीत भरून भंगारवाल्याला दिलं. मी काय करणार? हॉर्न आहे मला, पण तोही दुसऱ्याने दाबावा लागतो. यतीनने मला सुरू केलं आणि मी झकास चाललो. इतकं छान मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं आणि इतकं वाईटही.

रविवारी उर्मिलाकाकू पुढच्या सीटवर बसल्या. न बघताच बोट नेहमीच्या जागी गेलं. तिथे चकचकीत लोखंडी बटण.

"यतीन, आमची बेल?"

"काकू, सरप्राइज! ओरिजिनल बसवलंय. काकांना हेच पाहिजे होतं ना?"

काकूंनी बोट मागे घेतलं. तेवढ्यात सबीनाने बॉनेट उघडलं.

"पप्पाचा फुगा कुठं हाय?"

"आता लागत नाही ना तो. नवा पंप आहे."

"लागत न्हाय? अरे, वर्षातून एकदा पप्पाचा हात धरल्यासारखं वाटतं मला."

यतीन स्कूटर काढून भंगारवाल्याकडे सुटला.

"जाऊ दे गं, वस्तूच होती," काकू सबीनाला म्हणाल्या. पण त्या नव्या बटणावर त्यांनी बोट ठेवलं नाही. मला खरंच भीती वाटत होती. बेल आणि फुगा भट्टीत गेला, तर मी नुसती चांगली दुरुस्त केलेली गाडी उरणार होतो.

दीड तासाने यतीन आला. शर्ट कोपरापर्यंत काळा, पण दोन्ही वस्तू हातात आणि जुना पंप खिशात! फुगा रबराच्या ढिगात सापडला होता. बेल मात्र भंगारवाल्याने स्वतःच्या गाळ्याला ठोकलीसुद्धा होती. "चालू थी भाई, तो लगा दी," तो म्हणाला. "जिनकी थी, वो अब नहीं रहे," असं यतीनने सांगितल्यावर त्याने स्वतःच स्क्रू सोडवून दिले.

"सरक, तुला जमायचं न्हाय," म्हणत सबीनाने जुना पंप आणि फुगा स्वतः बसवला. यतीनने बेलच्या वायरी जोडल्या. चारदा फुगा दाबला गेला. काकूंनी बेल दाबली. मी खोकलो आणि थांबलो. खरं सांगतो, मुद्दाम नाही, पेट्रोलच पोचलं नव्हतं. काकूंनी पुन्हा दाबली आणि मी असा गरजलो की पत्रे थरथरले.

"घरीही हेच!" काकू मोठ्याने म्हणाल्या. "मी भाजीच्या पिशव्या घेऊन दारात उभी, आणि हे दुसऱ्या बेलशिवाय खुर्चीतून उठायचे नाहीत!"

सबीना हसत सुटली. यतीनने हसत डोळे पुसले आणि काळ्या हातांनी तोंडाला काळं फासून घेतलं. आम्ही धक्के खात खाडीवर जाऊन आलो.

आता मूळचं बटण आणि पंप डब्यात बंद आहे. मी पुन्हा खोकतो आणि मजेत आहे. फक्त एक विनंती. माझाही दिवस येईल. तेव्हा चाकं, पत्रा, इंजिन ज्याला हवं त्याला द्या. फुगा सबीनाला द्या. बेल मात्र भाईंदरच्या त्या तिसऱ्या मजल्यावर, दाराशेजारी लावा. त्या दिवशी फेरीत काकू सबीनाला सांगत होत्या ते मी ऐकलंय. भिंतीतली स्क्रूची दोन भोकं त्यांनी अजून बुजवलेली नाहीत.