सात खोडून आठ

एकट्या मेयो परगण्यात ब्रिजिट डर्कन नावाच्या बायका किती असाव्यात, याला काही धरबंधच नव्हता. अट्रॅक्टानं पहिल्या आठवड्यात त्या मोजल्या, दुसऱ्या आठवड्यात मोजणं सोडलं, आणि तिसऱ्या आठवड्यापासून ती त्यांना शिव्या घालू लागली. त्या बिचाऱ्या शंभर वर्षांपूर्वीच मातीत गेलेल्या, त्यांना काय फरक पडणार होता! पण अट्रॅक्टाला तेवढंच बरं वाटायचं.

छत्तीस वर्षं तिनं क्लूनमोर आणि भोवतालच्या नऊ वाड्यांवर टपाल वाटलं होतं. पाकिटावर नुसतं ‘मॅगी, चर्चच्या वर’ लिहिलेलं असलं तरी पत्र बरोबर मॅगीच्याच हातात पडायचं. असलं टपाल पोचवणाऱ्या बाईला आता आपल्याच घरातली एक मुलगी सापडत नव्हती, ह्याचा तिला मनस्वी संताप यायचा.

मुलीचं नाव डेलिया. अट्रॅक्टाच्या आजोबांची थोरली बहीण. डेलिया म्हणजे कागदावर ब्रिजिट, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, त्यामुळे त्यात काही अडचण नव्हती. १९०१च्या जनगणनेत ती होतीही. वडील मायकल, वय चोपन्न. आई केट, वय बेचाळीस. खाली ओळीनं आठ मुलं, त्यात ब्रिजिट, वय पंधरा, लिहिता-वाचता येतं. पडद्यावर ते नाव पहिल्यांदा दिसलं तेव्हा अट्रॅक्टानं चक्क टाळी वाजवली होती. त्यानंतर मात्र डेलिया जी गडप झाली, ती झालीच.

घरात सांगितलं जायचं ते असं: डेलिया डब्लिनला एका घरी कामाला गेली, १९०८ साली तापानं वारली, आणि तिला तिथंच पुरलं. मायकलनं तसं सगळ्या गावाला सांगितलं होतं. मग मृत्यूची नोंद हवी. नोंदी सगळ्या संगणकावर आलेल्या, फुकट, घरबसल्या. अट्रॅक्टानं डब्लिनच्या पाहिल्या, मेयोच्या पाहिल्या, मग चिडून अख्ख्या देशाच्या पाहिल्या. एक ब्रिजिट डर्कन ऐंशी वर्षांची, एक तीन दिवसांची, एक विहिरीत पडलेली चार मुलांची आई. आपली एकही नाही.

“नसेल नोंदवली कुणी,” थोरला भाऊ मॅलकी चुलीपाशी पाय शेकत म्हणाला. तो सत्तरीचा, बिनलग्नाचा, आणि दुसऱ्याच्या कामात खोट काढायला नेहमी मोकळा. “तीन महिने झाले, अट्रॅक्टा. एवढ्या वेळात मेयोच्या सदा हरणाऱ्या फुटबॉल टीमनंसुद्धा एखादी फायनल जिंकली असती.”

“तू गप्प बस. तुला काय जातंय बोलायला? तिकडे जाऊन तोंड मला दाखवावं लागतं.”

तिकडे म्हणजे गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात, विनी आत्याकडे. आत्या चौऱ्याण्णव वर्षांची. डोकं लख्ख, छाती मात्र पार खलास झालेली. ईस्टरपर्यंत काढेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं, आणि ते आत्यालाही माहीत होतं. हे सगळं शोधकाम तिच्यापायीच सुरू झालेलं.

नोव्हेंबरात एके दुपारी तिनं अट्रॅक्टाचं मनगट धरलं होतं आणि पंच्याऐंशी वर्षांत कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली होती. आत्या नऊ वर्षांची असतानाची. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात सगळे खुर्च्यांवर कोपरं टेकून गुडघ्यांवर बसायचे आणि केटआजी रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, सांगायची. रोझरी संपली तरी आजीनं तिला जोडलेली शेपटी संपायची नाही. आधी जिवंतांसाठी एकेक ‘नमो मारिया’, मग मेलेल्यांसाठी. बॉस्टनच्या पॅट्रिकसाठी, शिकागोच्या ऑनरसाठी, घरातल्या एकेकासाठी. आणि त्यांच्याच रांगेत, जिवंतांत, डेलियासाठी.

“मी तेव्हा शाळेत धर्मशिक्षणात पहिली आलेले गं,” आत्या म्हणाली होती. “भारी शहाणी. मी मध्येच म्हटलं, आजी, चुकतेयस तू, डेलिया मेलीय, ती खालच्या यादीत येते. आजी उठली, माळ खुंटीला लावली आणि झोपायला गेली. त्यानंतर डेलियाचं नाव तिनं घेतलंच नाही. ना जिवंतांत, ना मेलेल्यांत. दोन वर्षांनी गेली. सगळे म्हणायचे, म्हातारी भ्रमिष्ट झाली होती. मीही तेच म्हणत आले. पण ती नसली भ्रमिष्ट तर?” मग तिनं मनगट आणखी घट्ट धरलं. “मला तेवढं शोधून दे. आजी चुकत होती की नाही, एवढंच.”

एवढंच! जणू काही दुकानातून पाव आणायचा होता.

दर गुरुवारी अट्रॅक्टा जायची आणि दर गुरुवारी आत्या विचारायची, “सापडली?” मग अट्रॅक्टा सांगायची की नाही, पण आता अमुक एका ठिकाणी बघणार आहे. आत्या मान वळवून खिडकीबाहेर बघायची. ती रागावली असती तर परवडलं असतं.

आता कुणी म्हणेल, १९११ची जनगणनाही तर संगणकावर आहे, ती का नाही बघितली? नावांची यादी बघितली होती. घरात आई, बाप आणि पाच मुलं, दोन अमेरिकेला गेलेली, डेलिया नाही. असणार कशी? तीन वर्षांपूर्वीच वारलेली. यादी बंद केली, ती पुन्हा उघडली नाही. आणि त्याला कारण होतं. १९११चा कागद म्हटला की तिथली माणसं हसतात. दोनच वर्षांपूर्वी सत्तरीच्या वरच्यांना सरकारी पेन्शन सुरू झालं होतं, आणि जन्माचे दाखले कुणाकडेच नव्हते. त्यामुळे त्या दहा वर्षांत अख्ख्या देशातली माणसं पंधरा-पंधरा, वीस-वीस वर्षांनी म्हातारी झाली. कुणाच्या घरी विचारा, पणज्याच्या थापेचा किस्सा तयार. त्या कागदावर विश्वास ठेवायचा नाही, हे अट्रॅक्टा आईच्या दुधाबरोबर शिकली होती.

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी बाहेर गारांचा पाऊस होता आणि इंटरनेट आचके देत होतं. अट्रॅक्टानं एकदा टेबलावर मूठ आपटली तेव्हा कपातला चहा सांडला.

“ते सोड,” मॅलकी म्हणाला, “मला पणज्याची थाप दाखव. सतरा वर्षं वाढवलेली म्हणतात. खरा कागद बघायचाय, त्याच्या अंगठ्यासकट. पबमध्ये सांगायला बरं.”

“इथं माझा जीव चाललाय आणि तुला पबमध्ये सांगायला किस्से हवेत!”

“मग तुझ्या त्या ब्रिजिटांपैकी कुणी सापडतंय का आज? नाही ना? दाखव मग.”

केवळ त्याचं तोंड बंद करायला तिनं १९११च्या मूळ कागदाचं छायाचित्र उघडलं. ते वरून खाली हळूहळू उतरू लागलं. मायकल डर्कन, वय एकाहत्तर. मॅलकी मांडीवर थाप मारून हसला. “दहा वर्षांत सतरा! शाबास रे म्हाताऱ्या! आणि ही बघ, सहीच्या जागी फुली. लिहिलंय सगळं मोजणीला आलेल्या पोलिसानं.”

अट्रॅक्टा हसली नाही. छायाचित्र उजवीकडे सरकत होतं. केटच्या ओळीत, लग्न झालेल्या बायकांना विचारलेले तीन आकडे होते. लग्नाला वर्षं किती: अठ्ठावीस. जिवंत जन्मलेली मुलं: आठ. आज हयात असलेली मुलं: सात. पण त्या सातावर काट मारलेली होती, चांगली दाबून, निब कागदात रुतेल अशी. आणि त्याच्या डोक्यावर, त्याच शाईनं, आठ.

“मॅलकी,” ती म्हणाली. “हे बघ.”

त्यानं चष्मा लावून पाहिलं. “चुकला असेल पोलीस. घरोघर फिरून कंटाळलेला असणार.”

“चुकला होता, तर दुरुस्त कुणी करायला लावलं?”

मॅलकीनं चष्मा पुसून पुन्हा लावला आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली.

अट्रॅक्टाला तेव्हाचं हेच स्वयंपाकघर समोर दिसलं. ह्याच टेबलापाशी पोलीस बसलाय. मायकलनं नुकतीच आपल्या वयाची थाप दडपून मारलीय आणि पोलिसानं ती गुमान लिहून घेतलीय. मग तो विचारतो, मुलं किती हयात? मायकल म्हणतो, सात. आणि चुलीपाशी उभी असलेली केट म्हणते, आठ. एरवी त्यानं एका नजरेत तिला गप्प केलं असतं. पण सरकारचा माणूस समोर, लेखणी हातात. नवऱ्याचं वय खोटं आहे, हेही त्या बाईला ठाऊक. तो काय बोलणार होता? काट मारली गेली.

अट्रॅक्टाला स्वतःचा असा राग आला की कानशिलं तापली. तीन महिने! तीन महिने ती मेलेल्यांच्या नोंदी चाळत बसली होती, एका जिवंत मुलीसाठी. कारण काय, तर एक थाप सगळ्यांना माहीत होती म्हणून अख्खा कागदच खोटा धरलेला.

त्यानंतर कुठं बघायचं हे सांगायला कुणी लागलं नाही. जिवंत आहे, घरात नाही, अमेरिकेत नाही, आणि बाप मेली म्हणून सांगतो. त्या काळात अशा मुलीला जायला जागा दोन-तीनच. जिल्ह्याच्या वेड्यांच्या इस्पितळाचे, त्याच १९११च्या जनगणनेतले कागद पानामागून पान उघडत गेले. आणि इथं पुन्हा कपाळमोक्ष. त्या इस्पितळात माणसांची नावंच लिहिली नव्हती. लाज झाकायची म्हणून नुसती आद्याक्षरं. ब. ड., स्त्री, वय पंचवीस, शेतकऱ्याची मुलगी. ब. ड., स्त्री, वय चोवीस, शेतकऱ्याची मुलगी. ब. ड., स्त्री, वय सव्वीस, मोलकरीण. तिघी. तिघी कॅथलिक, तिघी मेयोच्या, तिघींना लिहिता-वाचता येत होतं.

“तीनच तर आहेत,” मॅलकी चाचरत म्हणाला. “हजारातून तीनवर आलीस.”

“तीन म्हणजे एकही नाही!” अट्रॅक्टा ओरडली, आणि मग तिला रडू आलं. मॅलकीनं सांडलेला चहा पुसला आणि नवा टाकला. डेलिया आत का गेली, बाहेर कधी आली, आली की नाही, यातलं काहीच त्या पानांवर नव्हतं. इस्पितळाची जुनी बाडं बघायला परवानगी लागते, अट्रॅक्टानं पत्र पाठवलं, उत्तर यायचंय.

गुरुवारी ती गेली तेव्हा मॅलकी बरोबर आला, न सांगता. आत्या उशांना टेकून बसली होती, नाकात ऑक्सिजनची नळी, मांडीवर माळ.

“सापडली?”

गाडीत अट्रॅक्टानं ठरवलं होतं की सांगायचं नाही. म्हातारी शांतपणे जाऊ दे. नाही म्हणायचं आणि चहा मागवायचा. पण त्या डोळ्यांसमोर खोटं बोलणं तिला जमेना. त्यांच्या घरात खोटं आधीच भरपूर बोलून झालं होतं. तिनं छापून आणलेला कागद पुढं धरला, त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्या तिघींचंही सांगितलं.

आत्यानं कागद नाकाशी नेला.

“सात आजोबांचे,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि आठ आजीचे.”

“हो, आत्या. आजी भ्रमिष्ट नव्हती.”

आत्यानं कागद मांडीवर ठेवला. “पोलीस बसलेला असताना नवऱ्याला खोटं पाडणारी बाई. तिला कुणी गप्प करू शकलं नाही गं. मी केलं.”

“नऊ वर्षांची होतीस तू!”

“नऊ वर्षांची होते. आणि बरोबर बोलले म्हणून दिवसभर फुशारले होते.” ती रडली, आवाज न करता, नळीत श्वास अडकत. अट्रॅक्टा तिचा हात धरून बसून राहिली. समजूत घालायला तिच्याकडे काही नव्हतं, आणि आत्याला ती नकोही होती.

मग आत्यानं डोळे पुसले, माळ उचलली आणि म्हणाली, “बसा खाली. दोघंही.”

मॅलकीच्या खुब्याचा सांधा बदललेला, त्याला गुडघे टेकता येत नव्हते. तो खुर्ची धरून वाकला. आत्यानं रोझरी नाही म्हटली, तेवढा दम नव्हता. तिनं सरळ शेपटीपासून सुरुवात केली. “जिवंतांसाठी,” ती म्हणाली. “मॅलकीसाठी. अट्रॅक्टासाठी.” छातीत हवा भरून घेतली. “डेलियासाठी.”

मॅलकीनं तोंड उघडलं. डेलिया आज असती तर एकशेअडतीस वर्षांची असती, हे त्याच्या जिभेच्या टोकावर आलेलं अट्रॅक्टाला स्पष्ट दिसलं. तिनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं तोंड मिटलं, मान खाली घातली, आणि ‘नमो मारिया’ची उत्तराची ओळ त्यानंच सगळ्यांच्या आधी म्हटली.