झाकलेला दिवा

इस्पितळाच्या तळघरात टेपचं यंत्र होतं. ते सांभाळणाऱ्या दोघांपैकी एकाला सगळे एक्सप्रेस म्हणत, दुसऱ्या काकू. काकू तशा कुणाच्याच काकू नव्हत्या; केस पिकले की हे नातं आपोआप पदरात पडतं.

रुग्णांचे स्कॅन जपून ठेवायला रोज रात्री टेपवर उतरायचे. पूर्वी हे काम सकाळच्या गर्दीपर्यंत रेंगाळायचं आणि वर डॉक्टरांचे कॉम्प्युटर गोगलगाय व्हायचे. माहिती तुटक यायची, म्हणून टेप थांबायची, मागे जायची, पुन्हा पुढे. कुलूप लावलं का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परतणाऱ्या बाईसारखी. एक्सप्रेसने सगळी माहिती आधी एका जलद डिस्कवर गोळा केली आणि मग एकसलग सोडली. टेप न अडखळता धावू लागली.

इथवर शहाणपणच होतं. पण वेगाची चटक वाईट. लिहिलेलं परत वाचून पडताळणं त्याने बंद केलं. मग सफाईवर गदा आली. यंत्राचं लिहिणारं टोक मळलं की पिवळा दिवा लागे आणि काम थांबवून सफाईची टेप घालावी लागे.

"आज राहू दे, काकू."

काकूंनीच दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. "डोळ्यांत खुपतो मेला." साहेबांनी दोघांची पाठ थोपटली. पुढची एकदोन वर्षं मजेत गेली.

मग एक्सप्रेसच्या आईच्या फुप्फुसात डाग दिसला.

"मागच्या वर्षीचा स्कॅन आणा," सर्जनबाई त्याला म्हणाल्या. "डाग तेव्हाही एवढाच असेल तर हात लावायचा नाही. त्यांचं हृदय भूल सोसेल याची मला खात्री नाही. पण स्कॅनच नसेल, तर थांबण्याची जोखीमही घेता येणार नाही. उद्या छाती उघडावी लागेल."

जुने स्कॅन डिस्कवरून पुसलेले होते. उरले होते ते टेपवर. तो जिने दोन-दोन पायऱ्यांनी उतरला.

"आईची टेप लावा काकू. चहा गार व्हायच्या आत परत वर जातो की नाही बघा."

यंत्राने टेप आत ओढली. काही वेळ गुळगुळीत घरघर. मग टेप थांबली. मागे गेली. पुढे आली. पुन्हा मागे. कितीतरी दिवसांनी तो आवाज खोलीत आला होता आणि दोघांनीही तो ओळखला.

पडद्यावर उमटलं: वाचता येत नाही.

"दुसरी प्रत?"

पलीकडच्या इमारतीतून डबा आला. काकूंनी झाकणावर हात तसाच ठेवला. "ही पण याच यंत्रावर काढलीय रे."

"माहितीये. लावा."

थांबली. मागे. पुढे.

फोन वाजला. "सापडला का रे?" आई विचारत होती. "ही सिस्टर मघापासून मागे लागलीय, जेवू घालायचं की उपाशी ठेवायचं मला."

"बघतोय."

"तुझं तर सगळं झटक्यात असतं ना? नववा लागायच्या आत आलास, तेव्हापासून तेच ऐकतेय मी."

काकूंनी नखाने चिकटपट्टी उचकटली. खाली पिवळा दिवा होता, शांतपणे जळत, कधीपासून कोण जाणे. त्यांनी मागे वळून पाहिलं. भिंतभर मांडणीत टेपा ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीत कुणाची तरी आई, कुणाचा तरी नवरा.

यंत्र पुन्हा मागे गेलं.

"अरे, सांगू काय तिला?"

"उपाशीच राहा, आई," तो म्हणाला.