व्याख्येबाहेरचं विष

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून सरकारी रसायनतज्ज्ञाने खरं तेच सांगितलं. पाकिटातल्या वाळक्या पाल्यावर कृत्रिम रसायन फवारलं होतं. गांजासारखीच, पण कितीतरी जहाल नशा आणणारं. पाकिटावर छापलं होतं, ‘सुगंधी पाला. खाण्यासाठी नाही.’ तो ओढून एक कॉलेजातली मुलगी जिवानिशी गेली होती.

“कायद्यातल्या व्याख्येत हे रसायन बसतं?” दुकानदाराच्या वकिलाने विचारलं.

“नाही. बंदी असलेल्या एका रसायनासारखंच आहे. फक्त एका टोकाला थोडा बदल केलाय.”

“म्हणजे यावर बंदी नाही.”

“नाही.”

दुकानदार सुटला. बाहेर मुलीची आई रसायनतज्ज्ञासमोर आली. नवऱ्याबरोबर लाँड्री चालवायची. मनगटांवर इस्त्रीचे जुने चटके.

“तेवढा बदल तिच्या काळजाला कसा नाही हो कळला?” एवढंच बोलून ती गेली.

त्यानंतर तो हात धुऊन त्या व्याख्येच्या मागे लागला. एकेक रसायन नावानिशी घालत बसलो तर हे लोक दर वेळी नवं टोक लावणार. त्यापेक्षा रेणूचा सांगाडाच कायद्यात लिहा, असं तो प्रत्येक बैठकीत सांगे. वरिष्ठ त्याला पाहून वाट बदलायला लागले. पण अखेर व्याख्या बदलली, आणि तो लाँड्रीत गेला.

“मग त्याला धरतील आता?” तिने विचारलं.

“नाही, ताई. गुन्हा आधीचा आहे. नवा कायदा मागच्या गोष्टींना लागत नाही.”

तिने हातातल्या शर्टाची घडी पुरी केली. “यांना सांगू नका. त्याच आशेवर दोन घास खातायत.”

तेवढ्यात नवरा कपड्यांचं गाठोडं घेऊन आतून आला.

“साहेब, बातम्यांत सांगितलं, कायदा बदलला म्हणे. आता अडकला ना तो?”

तिने मान खाली घातली. रसायनतज्ज्ञाच्या अगदी ओठांवर ‘हो’ आलं होतं.

“नाही, काका. इथून पुढे विकेल त्यालाच लागेल.”

“पण विष तेच ना?”

“तेच.”

नवऱ्याने गाठोडं जमिनीवर ठेवलं आणि त्याच्यावरच बसला. “मी पोरीला सांगितलं होतं, तो अडकणार म्हणून,” तो म्हणाला. “रोज सांगायचो, फोटोसमोर.”

तिने इस्त्री बंद केली आणि त्याच्याजवळ जाऊन बसली. दारात कुणी गिऱ्हाईक आलं. रसायनतज्ज्ञ पुढे झाला आणि हळूच म्हणाला, “आज बंद आहे.”