सेलवर चालणारा ब्रश

मालन मुलुंडच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होती. सत्त्याऐंशी साली मशीनच्या पट्ट्यात तिचा उजवा पंजा सापडला. बोटं वाचली, पण आखडली. भाकरी थापायला, वेणी घालायला शेजारणी धावून येत. दात मात्र ज्याचे त्यानेच घासायचे. डाव्या हाताने ती कसाबसा ब्रश फिरवायची. सहा महिन्यांत हिरड्या सुजल्या, चूळ भरली की रक्त दिसायला लागलं.

दातांच्या डॉक्टर मृणालिनीबाईंनी दातांवरचा थर काढला आणि म्हणाल्या, "दात धड आहेत, पण हिरड्या सुटत चालल्यात. कडेकडेने रोज ब्रश फिरला नाही, तर पुढचे दोन हलायला लागतील." मग तिच्या पंजाकडे बघत म्हणाल्या, "सेलवर चालणारे ब्रश मिळतात परदेशी. आपण नुसता धरायचा. पण केस मऊच घ्या."

मालन दवाखान्यातून निघाली ती तरातरा. नवरा, जयवंत, मागून म्हणाला, "आता दात घासूक पण मशीन?"

"हात मशीननेच खाल्ला ना? मग राबू दे तिलाच."

रविवारी दोघं घाटकोपरला परदेशी वस्तूंच्या दुकानात गेली. दुकानदाराने दोन ब्रश काढले. एक वायरवाला, सडपातळ, दिसायला झकास. "हा घ्या ताई, कडक केस आहेत, दात एकदम चकाचक."

मालनने ते केस नखाच्या मुळाशी फिरवून पाहिले. ओरखडा उठला. दुसरा ब्रश सेलवरचा, डोकं लहान, दांडा जाडजूड. त्याचे केस नखाला जाणवलेसुद्धा नाहीत. तिने तो उजव्या हातात घेतला. आखडलेल्या बोटांत दांडा जसाच्या तसा बसला. किती महिन्यांनी त्या हाताने काहीतरी धरलं होतं.

"हाच," ती म्हणाली.

घरी आल्या आल्या तिने सेल घातले, पेस्ट लावली आणि तोंडात घालायच्या आधीच बटण दाबलं. सगळी पेस्ट जयवंतच्या सदऱ्यावर. दोघं हसून हसून मोरीपाशीच बसली. मग तिने आधी ब्रश हिरडीला टेकवला, मग चालू केला. कानशिलापर्यंत गुदगुल्या झाल्या. घासायचं नाही, दाबायचं नाही. एका दातावर जरा थांबायचं, मग पुढच्यावर.

पहिला आठवडा रक्त येतच राहिलं. जयवंत घाबरला. "ठेव तो बाजूला."

ती तडक डॉक्टरांकडे गेली. त्या म्हणाल्या, "सुजलेल्या हिरडीतून येणारच. सोडू नका, फक्त हलक्या हाताने."

बाराव्या दिवशी सकाळी मालनने चूळ टाकली आणि वाकून बघत राहिली. पाणी स्वच्छ होतं. तिने पुन्हा चूळ भरली. पुन्हा स्वच्छ. "अहो, इकडे या आधी," तिने हाक मारली, आणि जयवंत अर्ध्या दाढीनिशी मोरीत येऊन उभा राहिला.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी तपासायच्या बारीक सळईने हिरड्या चाचपल्या. गुलाबी, घट्ट. पुढचे दोन्ही दात पक्के. "छान राखलंत," त्या म्हणाल्या.

मालन खुर्चीतून उतरली, दारात उभ्या जयवंतला दंडाला धरून आत आणलं आणि म्हणाली, "बाई, आता यांचं बघा. वीस वर्षं तंबाखूची मशेरी लावतायत."

जयवंत खुर्चीत बसला आणि त्याने तोंड उघडलं.