ओली पुट्टी

माझ्या नवऱ्याला हातोडी दिसली की स्फुरण चढतं. तळघराच्या भिंतीतल्या भेगा त्यानेच दोन वर्षांपूर्वी पुट्टीने भरल्या, वर रंग फासला आणि तिथे आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, खोली केली. आमची धाकटी लेकही आजीला चिकटून तिथेच झोपते. हल्ली वरच्या मजल्यावरचे दरवाजे चौकटीत अडकायला लागले, तेव्हा मला तळघराच्या भिंतीची शंका आली. भांडून मी इंजिनिअरला बोलावलं.

"भिंत ठणठणीत आहे," नवऱ्याने त्याला जिना उतरतानाच सांगून टाकलं. "दोन वर्षांपूर्वी भेगा भरल्यापासून केसाएवढी फट नाही."

दुपारची वेळ होती. भिंतीलगतच्या पलंगावर लेक गाढ झोपली होती, तिच्या पायथ्याशी आई बसल्या होत्या. इंजिनिअरने एक लांब सरळ पट्टी भिंतीवर आडवी धरली. पट्टी मधोमध टेकली आणि तिची दोन्ही टोकं हवेत राहिली. भिंतीला पोट आलं होतं, आणि इतके दिवस आम्हाला ते दिसलं नव्हतं.

"पण भेग तर उघडली नाही ना?" नवरा म्हणाला. आवाज मात्र बारीक झाला होता.

इंजिनिअरने भरलेल्या रेघेत नख दाबलं. ते लोण्यात जावं तसं आत गेलं.

"हे कधी भरलंत?"

"सांगितलं ना, दोन वर्षं झाली."

"ओलं आहे हो."

आम्ही दोघंही आईंकडे वळलो. घरात एक डाग त्यांना खपत नाही.

"मीच भरते," त्या म्हणाल्या. "जरा फट दिसली की याची झोप उडते. म्हटलं, कशाला त्याच्या जिवाला घोर."

"कितीदा भरता, आजी?" इंजिनिअरने विचारलं.

"आधी महिन्याकाठी. आता रोजच."

नवरा आधारासाठी भिंतीला टेकायला गेला आणि चटका बसावा तसा मागे सरला. एरवी मी त्याला चार शब्द सुनावले असते. आता मी लेकीच्या पलंगाकडे धावले.

"सामान राहू द्या," इंजिनिअर हळू आवाजात म्हणाला. "सगळे बाहेर चला. आत्ता."

मी लेकीला पांघरुणासकट उचललं. भिंतीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी नजर गेलीच. तिच्या उशीच्या वर, ओल्या पुट्टीच्या मधून, करंगळी जाईल एवढी काळी फट पडली होती.

आईंनी माझं कोपर घट्ट धरलं.

"जेवायच्या आधीच भरली होती गं," त्या म्हणाल्या.