ताईने तोडलेली पट्टी

मी एक जुना चार ट्रॅकचा, म्हणजे एकाच टेपवर चार आवाज वेगवेगळे भरणारा टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की शेवटी डोळे पुसतात आणि सगळ्यांना माफ करून टाकतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी सूड घेतला आहे आणि तो मला फार गोड लागला आहे.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईंनी माझा हेड बसवला. टेपवरचा आवाज वाचणारा चकचकीत तुकडा म्हणजे हेड. तिथून मी आलो तो थेट टायरच्या दुकानामागच्या एका खोलीत. भिंतींना जुन्या गाद्या टेकवलेल्या, सगळीकडे रबराचा वास आणि कोपऱ्यात ड्रम.

त्या खोलीत एक नवा रॉक बँड तालीम करायचा. दोन गिटारवाल्यांपैकी एकाला सगळे हिरो म्हणायचे, कारण कंगवा विसरून तो कधी घराबाहेर पडला नाही. ड्रमवर ढोल्या. आणि ढोल्याची थोरली बहीण, ताई. ती दिवसभर चष्म्याच्या दुकानात काम करायची आणि संध्याकाळी इथे येऊन गायची. शब्द तिचे, चाली तिच्या, आवाजही तिचाच. मला सांभाळायचीही तीच. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून ती माझा हेड साफ करायची आणि म्हणायची, "याला घाण खपत नाही रे. माझ्यासारखाच आहे."

माझ्या एका ट्रॅकवर ड्रम, दोनांवर गिटारी आणि चौथ्यावर ताईचा आवाज. शहाणी माणसे हे एकेक करून भरतात. पण ढोल्याची एक खोड होती. ताई कानाशी गात नसली की त्याचा ताल सुटायचा. म्हणून ती ड्रमला खेटून उभी राहायची आणि सगळे एकदमच वाजवायचे. हिरो विचारायचा, "ढोल्या, लग्नात तरी ताईला सोडून उभा राहशील ना?" सगळे हसायचे. ढोल्यासुद्धा.

पहिले गाणे मनासारखे झाले तेव्हा ताईने कॅसेट बाहेर काढली. कॅसेटच्या पाठीवर प्लॅस्टिकची एक इवलीशी पट्टी असते. ती तोडली की माझे लाल बटण दाबलेच जात नाही, आणि त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. चष्म्याच्या बारीक स्क्रूड्रायव्हरने ताईने ती कट्‌कन तोडली. "आता हे कुणाच्या बापाला पुसता यायचं नाही," ती म्हणाली.

मग तिचे वडील अंथरुणाला खिळले. आठ महिने ती त्यांच्या उशाशी होती. परत आली तेव्हा तिच्या जागी हिरो गात होता आणि गाण्यांच्या कॅसेटच्या वेष्टनावर शब्द, चाल, आवाज या तिन्हींपुढे त्याचेच नाव छापलेले होते. "लोकांना एकच चेहरा लागतो, ताई," हिरो म्हणाला. ताईने भावाकडे पाहिले. ढोल्या खाली मान घालून ड्रमचे स्क्रू आवळत बसला. ते आवळणे मी अजून विसरलेलो नाही.

"असू दे. तुमचं बस्तान बसतंय, मी कशाला विस्कटू?" एवढे बोलून ताई निघून गेली.

त्यानंतर चोवीस वर्षे मी बँडच्या ऑफिसात टेबलाखाली पडून होतो. माझ्यावर चहाचे कप ठेवले गेले. हिरो माझ्यावर पाय ठेवून मुलाखती द्यायचा. ते पहिले गाणे त्याला कसे सुचले, हे तो दर वेळी सांगायचा आणि दर वेळी ते नव्याच ठिकाणी सुचलेले असायचे. माझा रबरी बेल्ट सुकला, बटणे आखडली. राग तेवढा ताजा राहिला.

बँडला पंचवीस वर्षे झाली. निवडक गाण्यांचा ‘इथवर’ नावाचा संग्रह काढायचे ठरले. त्यात सुरुवातीला ते पहिले गाणे. हिरोचा बेत साधा होता. जुनी वाद्ये ठेवायची, ताईचा आवाज काढायचा, त्यावर स्वतःचा भरायचा आणि खाली ‘मूळ रेकॉर्डिंग’ असे छापायचे. चार ट्रॅकची ती कॅसेट मात्र माझ्याशिवाय कुठेच वाजेना. झक मारत मला टेबलाखालून काढले. एका साउंडवाल्या बाईंनी मला नवा बेल्ट घातला आणि हेड साफ केला. इतक्या वर्षांनी स्पिरिटचा वास आला आणि मला भडभडून आले.

कॅसेट पोटात गेली. वाटले, आत्ता चावून चिंधड्या कराव्यात. मग बस म्हणावे बोंबलत! पण त्या टेपवर ताई होती. मी दात आवरले आणि जन्मात वाजवले नव्हते इतके स्वच्छ वाजवले.

"चौथा ट्रॅक बंद करा," हिरो म्हणाला.

बाईंनी बंद केला. तरी ड्रमच्या मागून ताई गातच होती.

"हे काय? काढा ते."

"निघणार नाही. गाणाऱ्या बाई ड्रमच्या माइकसमोरच उभ्या होत्या. ड्रम काढलात तरच जातील," बाई म्हणाल्या.

गाणे संपले आणि त्याच ट्रॅकवर एक तरणा आवाज बोलला, "ताई, तू लिहितेस कसं गं हे? मला तर दोन ओळी जमत नाहीत." तो आवाज हिरोचा होता. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडालेला मी पाहिला आणि चोवीस वर्षांचे चहाचे डाग वसूल झाले.

ढोल्या उठून गॅलरीत गेला. "याची नक्कल उतरवून घेते, वायर आणते," म्हणत बाई बाहेर पडल्या. हिरो एकटा उरला. त्याने दाराकडे पाहिले, टेप मागे नेली, ड्रमचा ट्रॅक निवडला आणि माझ्या लाल बटणावर बोट ठेवून दाबले.

बटण हलले नाही. त्याने अंगठा लावला, मग दोन्ही अंगठे. मी घट्ट होतो. ताईने तोडलेल्या त्या पट्टीच्या जागी मी चोवीस वर्षांचा राग घालून बसलो होतो.

"काय करतोयस?" दारात ढोल्या उभा होता.

"अरे, काही नाही, बघत होतो—"

"बोट काढ." ढोल्याचा आवाज मोठा नव्हता. "त्या दिवशी मी स्क्रू आवळत बसलो. आज नाही. संग्रहाच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर ताईचं नाव येईल, आणि तुझं ते वाक्यही गाण्याबरोबर जाईल. नाहीतर माझे ड्रम या संग्रहात नाहीत. एकाही गाण्यात नाहीत."

संग्रह निघाला. पहिल्या पानावर ताईचे नाव आहे. आता प्रत्येक कार्यक्रमात लोक हिरोला तेच वाक्य म्हणायला लावतात आणि तो हसून म्हणतो. ते हसू किती महाग पडते, हे मला ठाऊक आहे.

मी आता ताईच्या घरी असतो. पहिल्या दिवशी ढोल्या मला उचलून घेऊन आला आणि दारातच रडला. ताईने त्याला आत घेतले, बसवले. मग कापसाचा बोळा शोधला. तिने त्याला माफ केले असावे. मी केलेले नाही.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. आमची दया येते म्हणून नको. पाय ठेवण्यापूर्वी एकदा आठवून पाहा, आमच्यासमोर तुम्ही काय काय बोलला होतात.